रात्री जुळलेला मरून सकाळी का बिघडतो

ताई, रात्री निपाणीच्या दुकानात साडीच्या काठाशी तंतोतंत जुळलेला मरून ब्लाऊजपीस सकाळी अंगणात तपकिरी दिसला, आणि दुकानदार 'कापड तेच आहे' म्हणून बदलून देत नाही, असे आपण लिहिले आहे. कापड तेच आहे हे त्याचे म्हणणे खरे आहे आणि आपले डोळेही ठीक आहेत. बेळगावच्या वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. याच रंगाने माझे मोठे नुकसान केले, म्हणून सविस्तर लिहितो.

वीजबिल कमी व्हावे म्हणून आम्ही मागाच्या खोलीत स्वस्त एलईडी नळ्या बसवल्या होत्या. आषाढात पावसामुळे दारे-खिडक्या बंद असत. पदराचे सूत संपले, तेव्हा नव्या लॉटच्या कांड्या मी रात्री त्या नळीखाली ताण्यातल्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतल्या, काठाशी लावून पाहिल्या, फरक दिसला नाही आणि माग सुरू केला. बावीस साड्या झाल्यावर व्यापाऱ्याने त्या दुकानाच्या ओट्यावर उलगडल्या, तर प्रत्येक साडीचा काठ जांभळट आणि पदर विटकरी.

त्याहून महागात पडली ती पुढची गोष्ट. सूत पुरवणाऱ्याकडून भरपाई मिळावी म्हणून मी दोन्ही नमुने एका कार्यालयात तपासायला नेले. तेथील साहेबांनी ते टेबलावरच्या नळीखाली धरून 'फरक नाही' असा शेरा लिहिला. खिडकीपाशी येऊन एकदा पाहा, एवढीच माझी विनंती होती. ती त्यांनी ऐकली नाही, आणि त्या शेऱ्यामुळे भरपाईचा रस्ता बंद झाला. तेथे तेव्हाच हट्ट धरायला हवा होता, असे मला आजही वाटते.

मी अभियंता नाही, पण नंतर समजून घेतले ते असे. दोन रंगारी वेगवेगळी रंगद्रव्ये वापरून एकच मरून साधतात. एका उजेडात ते जुळतात, दुसऱ्यात फुटतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत निळी चिप आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणारा फॉस्फर असतो, त्यामुळे त्या उजेडात गडद लालाचा अंश तोकडा पडतो आणि नेमका तेथला फरक झाकला जातो. दिव्याच्या पिवळट किंवा निळसर झाकेला डोळा थोड्या वेळात सरावतो, परंतु उजेडात जो अंश नाही तो डोळा भरून काढू शकत नाही.

खोक्यावरच्या 'सीआरआय ८०' वर, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणाऱ्या सरासरी आकड्यावर, विसंबू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ती सरासरी ८ फिक्या नमुन्यांवरून काढतात. गडद लालाचा नमुना, म्हणजे आर-९, तिच्यात धरलेलाच नसतो. कापडाच्या दुकानाला किंवा शिलाईच्या खोलीला दिवा घ्यायचा असेल, तर सीआरआय ९० च्या वरचा आणि आर-९ चा आकडा वेगळा छापलेला घ्यावा. सर्व कंपन्या तो छापत नाहीत. तेव्हा मी तो दिवा घेत नाही.

आता आपल्या कापडाविषयी. दुकानदाराशी वाद घालण्याऐवजी साडी आणि ब्लाऊजपीस घेऊन दुपारी बाराच्या सुमारास जा आणि दोन्ही त्याच्याच दारात, थेट ऊन टाळून सावलीत, त्याला शेजारी शेजारी धरायला लावा. शेजारी रंगीत भिंत किंवा ताडपत्री नसावी, तिची झाक कापडावर उतरते. साडी रात्रीच्या लग्नात नेसायची असेल, तर नवा पीस पिवळ्या बल्बखालीही पाहून घ्या, कारण दारात जुळलेला रंग तेथे फुटू शकतो.