बाली नको म्हणता? मग लासेमला जा

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर, नागपुरात मनीषनगरला राहतो. मुलगी जकार्ताला नोकरीला आहे, मे महिन्यात तिच्याकडे चाललो. जो भेटतो तो बाली करा म्हणतो, पण आम्हाला त्या गर्दीत नाही जायचं. जावा बेटावरच समुद्राकाठचं एखादं जुनं, निवांत गाव सांगा ना, दोन दिवस राहता येईल असं.

काका, लासेम. मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, रेंबांग जिल्ह्यात, रेंबांग शहरापासून डझनभर किलोमीटर पूर्वेला. जकार्ताहून ट्रेननं सेमारांगला या, पाच-सहा तास लागतात, ट्रेन एकदम मस्त असतात तिकडच्या, आणि तिथून पुढे देमाक, कुदुस, पाती, रेंबांग असं रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी रेल्वे थेट लासेमपर्यंत जायची, आता रूळ बंद पडलेत, स्टेशनची जुनी इमारत तेवढी उभी आहे. सुराबायाकडे जाणाऱ्या बस लासेमवरूनच जातात, पण तुमचं वय आणि बॅगा पाहता सेमारांगहून गाडी करा, बसच्या नादी लागू नका. देमाकजवळ भरतीचं पाणी रस्त्यावर येतं आणि ट्रकची रांग लागते, त्यामुळे हातात अर्धा दिवस ठेवूनच निघा.

वाटेत कुदुसला नक्की थांबा. तिथल्या जुन्या मशिदीचा मिनार लाल विटांचा आहे आणि दिसतो अगदी हिंदू मंदिरासारखा, मशीद १५४९ सालची. आणि तिथं गाय न कापण्याची जुनी रीत आहे, संत सुनान कुदुस यांनी तेव्हाच्या हिंदू लोकांचा मान राखायला घालून दिलेली म्हणतात, त्यामुळे तिथला प्रसिद्ध सूप म्हशीच्या मांसाचा मिळतो. तुम्ही खा नका खा, पण माहीत असावं.

आता लासेम काहून? तर हे गाव चिनी व्यापाऱ्यांचं जुनं बंदर. उंच पांढऱ्या भिंती, आत मोठं अंगण, जुने लाकडी दरवाजे, आणि त्याच गल्लीत इस्लामी पाठशाळा, तिकडे त्याला पसांत्रेन म्हणतात. कारांगतुरी भागात तर पसांत्रेन चिनी घरांना लागूनच आहे आणि दोन्हीकडची लोकं एकमेकांच्या अंगणात बसलेली दिसतात. १७४० साली डचांच्या राजवटीत बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, चिनी लोकांची कत्तल झाली, त्यानंतर इकडे लासेममध्ये चिनी आणि जावानीज लोक मिळून डचांविरुद्ध उठले. त्यातल्या वीरांचं देऊळ बाबागान भागात आहे, गी योंग बिओ, आणि तिथं दोन चिनी पुढाऱ्यांच्या जोडीला रादेन पांजी मार्गोनो या जावानीज सरदारालाही मान दिलाय. चिनी देवळात जावानीज माणसाची पूजा, हे मला त्या गावात सगळ्यात भारी वाटलं. नदीजवळचं चू आन कियोंग हे त्याहून मोठं देऊळ, समुद्रदेवी माझूचं, तेही बघा. आणि लावांग ओंबो नावाचा वाडा, जिथं अफूची चोरटी आवक व्हायची, जमिनीत त्याचं भोक अजून दाखवतात.

दोन रात्री राहा. लोकं सेमारांगहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात आणि मग म्हणतात काही विशेष नाही. कसं राहणार विशेष, दुपारी गाव झोपलेलं असतं! जुन्या वाड्यांत राहायची सोय आहे, तिथंच उतरा.

प्रश्न : वर तुम्ही लासेम सांगितलं ते वाचलं (संपादकांनी उत्तर आधी दाखवलं म्हणून विचारते). माझी सासू शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. त्यांना घेऊन जाऊ का? — महालमधली वाचक

ताई, जाता येईल, पण पोट सांभाळायची तयारी तुमची. भात, तळलेलं टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टोफू आणि शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या म्हणजे पेचेल, हे सगळीकडे मिळतं. भानगड अशी की त्या चटणीत तेरासी नावाचा झिंग्यांचा मसाला घालतात, डोळ्याला दिसत नाही, वासानं कळतो. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर चिकनचा रस्सा चालतो असं समजतात कधीकधी. म्हणून एका कागदावर लिहून घ्या : साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेरासी, तेलूर. मांस, कोंबडी, मासे, झिंगे, तेरासी, अंडं काही खात नाही, असं सगळं त्यात आलं. रेंबांगकडची लोकं गोड आहेत, वेगळं करून देतात, फक्त घाई करू नका. सासूबाईंसाठी चिवडा, मेतकूट, घरचा ठेचा बॅगेत असू द्याच. लोंतोंग तुयुहान हे तिथलं नामांकित जेवण, पण ते नारळाच्या तिखट रश्श्यातली कोंबडी, ते तुमच्यासाठी, त्यांच्यासाठी नाही.

आणि एक मजा सांगतो. रेंबांगला बाटलीत काळपट सरबत मिळतं, काविस्ता म्हणतात, थोडं कोलासारखं लागतं. ते आपलं कवठ आहे हो! तेच झाड, तेच कडक कवच, आत तोच वास. महाशिवरात्रीला सासूबाई जे कवठ फोडतात ना तेच तिकडे पाक करून बर्फ टाकून पितात. त्यांना पहिला घोट द्या आणि काय आहे ते ओळखायला लावा. परत आणायची असेल तर काचेची बाटली आहे, कपड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नाही चालत.

प्रश्न : बाटिक घ्यायचं आहे, खरं-खोटं ओळखायचं कसं? मी साड्यांचं छोटं दुकान चालवतो सीताबर्डीला.

तुम्हाला मी काय शिकवणार भाऊ, पण लासेमचं बाटिक, म्हणजे मेणानं नक्षी काढून रंगवलेलं कापड, हातानं काढलेलं असतं हे आधी डोक्यात ठेवा. बाई लहानशा चुलीपुढे बसते, कढईत मेण वितळत असतं, हातात बांबूच्या दांड्याचं, तांब्याच्या इवल्याशा तोटीचं पेन, त्याला चांतिंग म्हणतात. मेणात बुडवायचं, तोटीवर फुंकर मारायची म्हणजे थेंब पडत नाही, आणि मग कापडावर रेघ. एक बाजू झाली की कापड उलटून परत तीच रेघ मागून. म्हणून हातच्या बाटिकला उलटी बाजू जवळपास सुलटीइतकीच गडद असते, छापलेल्याची मागची बाजू फिकी पडते. आणि नक्षी निरखून बघा, दोन फुलं तंतोतंत सारखी निघाली तर ती ठशाची किंवा मशीनची. करवतकाठीत तुम्ही जसं विणकराचा हात शोधता तसंच हे.

लासेमची ओळख म्हणजे तिथला लाल, कोंबडीच्या रक्तासारखा म्हणतात तिकडे. जुन्या काळी तीन गावांचं कापड असायचं, लाल लासेमला, निळा पेकालोंगानला, तपकिरी सोलोला, एकच कापड तीन ठिकाणी फिरायचं. नक्षीत ड्रॅगन, फिनिक्स पक्षी आणि लातोह म्हणजे समुद्रातलं द्राक्षासारखं शेवाळ, ते तिकडे खातातही. कारखान्यात थेट जा, लोकं कामाच्या जागी बसू देतात. एका कापडाला आठवडे, कधी महिने लागतात, त्यामुळे भाव जास्त रेटू नका. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे दोनशेच्या थोडे आत, आकडे लाखात दिसले की छाती दडपते, तेवढं भागून घ्या आधी.

प्रश्न : तिकडे बीच आहे का पोहायला? (दोन कॉलेजवाल्या पोरी, धरमपेठ)

आहे, कारांग जाहे, सुरूची झाडं, रविवारी लोकल गर्दी. पण बालीवाले कपडे तिथं नका घालू, गाव धार्मिक आहे. पोहण्यापेक्षा जवळच पुंजुलहार्जोला जा, मिठागराच्या जागी २००८ साली एक लाकडी होडी सापडली, सातव्या-आठव्या शतकातली, फळ्या खिळ्यांनी नाही तर दोरीनं बांधलेल्या, तिथंच ठेवली आहे. आणि रेंबांगला कार्तिनीचं घर बघा. जावाची ही मुलगी बायकांच्या शिक्षणासाठी लढली, १९०३ साली रेंबांगच्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि १९०४ ला बाळंतपणानंतर पंचविशीतच गेली. तिच्या पत्रांत आपल्या पंडिता रमाबाईंचा उल्लेख आहे, लहानपणी पेपरात त्यांच्याबद्दल वाचून ती भारावून गेली होती. २१ एप्रिलला तिचा जन्मदिवस अख्ख्या इंडोनेशियात साजरा होतो, पोरींनो, परीक्षा संपल्या असतील तर तेव्हाच जा.

प्रश्न : मे मध्ये गरमी किती? आणि व्हिसा?

नागपूरकरांनी गरमी विचारू नये. तिकडे तिशीच्या थोडं वर, पण घाम थांबत नाही, सुती कपडे न्या. मे ते सप्टेंबर कोरडे महिने, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. ईदच्या आठवड्यात अख्खी जावा गावाकडे निघते, तेव्हा त्या रस्त्यावर पाय ठेवू नका. व्हिसा भारतीयांना पोहोचल्यावर मिळतो, ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया, एकदा वाढवता येतो, ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. पासपोर्ट सहा महिने तरी चालू हवा आणि परतीचं तिकीट प्रिंट करून जवळ ठेवा. घड्याळ दीड तास पुढे करा.