पहिल्यांदाच घराचं काम काढताय? एवढं सांभाळा

इंटिरिअर डिझायनरची थ्रीडी चित्रं बघून लगेच होकार देऊ नका. त्यानं केलेलं, दोन-तीन वर्षं वापरात असलेलं घर आधी बघून या. सिंकखालचं कपाट उघडा. तिथलं प्लायवूड फुगलं असेल तर उत्तर मिळालंच.

कोटेशनमध्ये नुसतं ‘चांगलं प्लायवूड’ चालवून घेऊ नका. ओल्या जागांसाठी ‘बीडब्ल्यूपी, आयएस ७१०’ (म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, भारतीय मानकाचं मरीन प्लायवूड) असं लिहून घ्या आणि माल उतरला की शीटवरचा शिक्का स्वतः वाचा.

– सोसायटीची परवानगी आधी.
– बाथरूमच्या टाइल्स बसण्यापूर्वी निदान २४ तास पाणी तुंबवून खालच्या मजल्यावरचं छत तपासा.
– पैसे टप्प्याटप्प्यानं; शेवटचा हप्ता बारीकसारीक कामं संपल्यावरच.

नवखे लोक सुतारालाच परस्पर बदल सांगतात, तिथेच घोळ होतो. बदल डिझायनरलाच कळवा, तोही लेखी. हँडल-लॅमिनेटचं नंतर बघू. आधी प्लगपॉइंट ठरवा.