ओव्याचं पान ओव्याचं नव्हे!

सोलापुरातल्याच एका वाचकाने विचारलंय : 'ज्याची भजी करतो ते ओव्याचं पान ओव्याच्याच झाडाचं ना? मग आमच्या कुंडीत त्याला ओवा का धरत नाही? आणि शब्द कोणता बरोबर, ओव्याचं पान की पानओवा?'

ओवा धरणारच नाही, कारण ते झाडच वेगळं. मसाल्याच्या डब्यातला ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातला. पानं शेपूसारखी बारीक, फुलांची पांढरी छत्री, आणि एका हंगामात पेरणी-काढणी आटोपली की खेळ संपला. पानओवा मात्र तुळस-पुदिन्याचा भाऊबंद. कोवळा देठ बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागतो. पान जाड, रसरशीत, लवदार, कडेला कातरलेलं. वर्षानुवर्षं टिकतो, फांदी खोचली की रुजतो, आणि त्या जाड पानांत पाणी साठवून आपला उन्हाळाही काढतो. फुलं फिकट जांभळी. आमच्याकडे भजीपायी शेंडेच उरत नाहीत, म्हणून ती क्वचितच दिसली.

मग नाव एक का? नाकामुळे. ओव्याचा वास थायमॉल या वासाच्या द्रव्याचा. पानओव्याच्या तेलात थायमॉल आणि त्याचं सख्खं भावंड कार्व्हाक्रॉल असतं. तेलुगू शेजाऱ्यांनीही नाकावरच भरवसा ठेवला : वामू म्हणजे ओवा, आकु म्हणजे पान, म्हणून 'वामाकु'. कानडीने डोळ्यांचं ऐकलं : 'दोड्डपत्रे', मोठं पान. सोलापूरच्या एकाच गल्लीत ही तिन्ही नावं ऐकू येऊ शकतात.

शास्त्रीय नावाचीही गंमत आहे. लोरेरो या पोर्तुगीज पाद्र्याने १७९० मध्ये त्याला 'कोलियस अंबोयनिकस' म्हटलं. अंबोयना हे इंडोनेशियातलं बेट. रानात मात्र हे झाड आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागात वाढतं. मधली बरीच वर्षं ते 'प्लेक्ट्रॅन्थस' झालं होतं, आता पुन्हा कोलियस. कॅरिबियन बेटांवर ते पोचलं, तर तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांनी त्याला चक्क ओरेगानो ठरवलं. पुन्हा नाकच!

तेव्हा 'ओव्याचं पान' ही चूक नाही, ते वासावरून पडलेलं नाव आहे. लिहिताना मी 'पानओवा'च लिहितो, कारण खऱ्या ओव्यालाही पानं असतातच. भाजीवाल्या मावशींकडे मात्र 'ओव्याची पानं द्या' असंच म्हणतो.