सांगलीत वळवानंतर इंद्रधनुष्य नेहमी संध्याकाळी आणि पूर्वेलाच का दिसतं? दुपारी का नाही?

कारण इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला उमटतं. थेंबात शिरलेला प्रकाश वाकतो, आतल्या भिंतीवरून परततो आणि साधारण ४२ अंशांच्या कोनात आपल्याकडे येतो. म्हणून सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर कमान क्षितिजाखाली जाते. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य तेवढा खाली यायला दुपारचे जवळपास चार वाजतात. वळीवही बहुतेकदा त्याच सुमाराला कोसळतो, मग ढग पूर्वेला सरकलेले आणि पश्चिमेला ऊन. जमून येतं!

सकाळी पाऊस पडला तर धनुष्य पश्चिमेला दिसेल, पण मे महिन्यात सकाळी पाऊस कुठला?

भर दुपारीही बघता येतं, फक्त मान खाली घालून. तासगावकडे द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी चालू असताना सूर्याकडे पाठ करून उंचवट्यावरून खाली बघा, तुषारांत रंग दिसतात. (वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नका, ते औषध असतं.) घरी पाण्याच्या पाइपने केलेलं बरं.

कधी बाहेर दुसरी फिकट कमान दिसली तर रंग तपासा: तिथे तांबडा आतल्या बाजूला असतो, कारण प्रकाश थेंबात दोनदा परततो.