वेंधळेपणा, उद्धटपणा आणि इंग्रजी क्रियाविशेषणे

प्रश्न : मी एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करीत आहे. कथेत 'क्लम्सिली', 'ऑकवर्डली', 'रूडली', 'कर्टली' आणि 'ब्रस्कली' ही क्रियाविशेषणे वारंवार येतात. माझ्याजवळच्या शब्दकोशात पहिल्या दोहोंना 'बेढबपणे' आणि उरलेल्या तिन्हींना 'उद्धटपणे' एवढाच अर्थ दिलेला आहे. त्यांच्यात भेद कोणता? शिवाय 'ही वॉक्ड अनगेनली' हे वाक्य शुद्ध आहे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : 'क्लम्सिली'मध्ये दोष हातापायांच्या कौशल्याचा असतो. थंडीने बधिर होणे अशा अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाशी या शब्दाचे नाते आहे, त्यामुळे सांडणे, आदळणे, धडपडणे या क्रिया त्याच्याबरोबर सहज येतात. 'ऑकवर्डली'मध्ये मात्र शरीराइतकेच मनाचे अवघडलेपणही असते. अनोळखी लग्नघरात हात कोठे ठेवावेत हे न कळून उभा राहिलेला माणूस 'ऑकवर्डली' उभा असतो, पण त्याच्या हातून काही सांडलेले नसते.

उरलेल्या तिघांपैकी उघड दोषारोप आहे तो 'रूडली'मध्येच. 'कर्टली' म्हणजे तुटकपणे. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'आखूड केलेला' असाच आहे. 'ब्रस्कली'मध्ये घाई आणि रोखठोकपणा असतो. बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना डॉक्टर तसे बोलतात आणि त्यात अपमानाचा हेतू असतोच असे नाही. या दोहोंना सरसकट 'उद्धटपणे' म्हणणे हा त्या पात्रांवर अन्याय होईल.

अर्थाहूनही अधिक लक्ष द्यावयाचे ते शब्दाच्या जागेकडे, कारण शब्दकोश त्याविषयी सहसा काही सांगत नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1956 साली अॅरिस्टॉटेलियन सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात गोगलगायीवर पाय पडण्याचे उदाहरण घेऊन हा भेद दाखविला होता. 'क्लम्सिली ही ट्रॉड ऑन द स्नेल' या वाक्यात तो माणूस दुसऱ्याच कामात होता आणि वेंधळेपणाने त्याचा पाय गोगलगायीवर पडला. 'ही ट्रॉड क्लम्सिली ऑन द स्नेल' म्हटले, की बहुधा पाय देणे हाच त्याचा हेतू होता, फक्त तेही त्याला धड जमले नाही. बिचाऱ्या गोगलगायीला या भेदाचा काही उपयोग नाही, पण अनुवादकाला आहे.

'रूडली'चेही असेच आहे. 'शी रूडली लेफ्ट' म्हणजे तिचे निघून जाणे हेच असभ्य होते, मग ती कितीही हळू पावलांनी गेलेली असो. 'शी लेफ्ट रूडली' म्हणजे जाण्याची रीत असभ्य होती. क्रियापदाआधीच्या जागी कधी कधी दोन्ही अर्थ संभवतात, शेवटच्या जागी मात्र सहसा रीतीचाच अर्थ निघतो. मराठीत दोन्हीकडे 'उद्धटपणे' घातल्यास हा भेद पुसला जातो. म्हणून पहिल्या ठिकाणी 'निरोप न घेता निघून जाण्याचा उद्धटपणा तिने केला' असे आणि दुसऱ्या ठिकाणी, प्रसंगाला शोभत असेल तर, 'ती फणकाऱ्याने, दार आपटून निघून गेली' असे लिहावे.

'अनगेनली' (म्हणजे बेढब) हे शेवटी 'ली' असूनही आजच्या इंग्रजीत विशेषण आहे, त्यामुळे आपण दिलेले वाक्य शुद्ध मानले जाणार नाही. 'इन अॅन अनगेनली मॅनर' असे म्हणावे लागते. 'फ्रेंडली', 'लोनली' आणि 'सर्ली' हीदेखील विशेषणेच. (यांतला 'सर्ली', म्हणजे तुसडा, हा शब्द 'सर' या पदवीवरून आला, मूळ अर्थ होता सरदारी तोऱ्याचा.) चांगला इंग्रजी लेखक 'इन अॅन अनगेनली मॅनर' सहसा टाळतो आणि 'लम्बर्ड', 'शॅम्बल्ड', 'वॅडल्ड' अशी चालीची ढब पोटात घेतलेली क्रियापदे वापरतो. आपल्याकडे हे काम धातुसाधिते करतात. तेव्हा 'बेढबपणे चालत गेला' असे न लिहिता, पात्र कसे आहे ते पाहून, 'पाय ओढीत गेला', 'खुरडत गेला' किंवा 'डुलत डुलत गेला' यांपैकी एकाची निवड करावी.