कलरचा डबा आधी बंद कर

पोरा,

फोटो मिळाले. सहाच्या सहा बघितले, झूम करून बघितले, चष्मा पुसून परत बघितले. ते जुनं डिझेल इंजन झकास आहे, मळ्यातून ते ओढून आणताना तू आणि तुझ्या मित्रानं काय घाम गाळला असेल तेही कळतंय, पण शेवटच्या फोटोत कोपऱ्यात हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणि त्याच्यावर ठेवलेला पॉलिश पेपर दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला. तो डबा आधी बंद कर. घरच्या गेटला मार तो कलर, गाईच्या शिंगाला लाव, काय करायचं ते कर, पण इंजनला लावू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

आणि मला सर म्हणू नकोस, मी कुठं शिकवलंय तुला. काका म्हण.

असं का म्हणायलो ते सांगतो. माझ्या संग्रहातलं पहिलं इंजन मामाच्या विहिरीवरचं, केज तालुक्यातलं. मामा गेले, मामेभावानं बोअर पाडला, इंजन बाभळीखाली पडून होतं, मी उचलून आणलं आणि उत्साहाच्या भरात दोन दिवसांत चकाचक केलं. बाजूला पितळी नेमप्लेट होती, काळी पडलेली, म्हणून पॉलिश पेपरनं घासली. पट्टी सोन्यासारखी चमकायला लागली आणि सिरीयल नंबरचे शेवटचे तीन आकडे गेले. आज वीसेक वर्षं झाली, माझ्या रजिस्टरमध्ये त्या रकान्यात दोन आकडे आणि पुढं तीन फुल्या आहेत. ते इंजन एका हँडलला चालू होतं, बघायला आलेला प्रत्येक जण त्याचंच कौतुक करतो आणि मला दरवेळी त्या तीन फुल्याच दिसतात.

तर नेमप्लेटला हात लावायचा तो ओल्या सुती कापडानं, बास. अक्षरं दिसत नसतील तर खडू घे, आडवा धरून हलक्या हातानं फिरव, खोलगट अक्षरं काळी राहतात आणि बाकी पांढरं होतं. नाहीतर अंधार पडू दे आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता एकदम बाजूनं, पट्टीला जवळजवळ टेकवून मार, सावलीत आकडे उठून येतात. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून एक छापही घेऊन ठेव, फोटो मोबाईलसोबत जातात, कागद राहतो. आणि पट्टीत लाल-पिवळं काही भरलेलं दिसलं तर ते गंज समजून खरवडू नकोस. खंडेनवमीला आपल्याकडं इंजनला हळद-कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, तेच कुंकू तीस-चाळीस वर्षं अक्षरांत बसलेलं असतं. मला परळीजवळ एक पट्टी अशी मिळाली की सगळं इंजन गंजलेलं आणि नंबर मात्र कुंकवानं लालभडक, देवळातल्या पाटीसारखा वाचता येत होता.

सिरीयल नंबर बहुतेक वेळा अंगावरही ठोकलेला असतो, बघ, क्रँककेसवर, म्हणजे खालच्या ओतीव पेटीवर, सपाट जागा असते तिथं, कधी फ्लायव्हीलच्या कडेला. दोन्ही नंबर जुळले तर उत्तम, नाही जुळले तर तेही लिहून ठेव, म्हणजे कधीतरी चाक बदललंय किंवा दोन इंजनांचं एक केलंय. त्यात लाज कसली, शेतकऱ्याला पाणी पाहिजे होतं, म्युझियम नाही.

आता तू विचारलंस की साल कसं काढायचं. पट्टीवर साल क्वचितच असतं, ते आजूबाजूनं धरावं लागतं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पट्टी १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. बिल हातात आलं आणि रक्कम रुपये-आणे-पैमध्ये असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचं, नवे पैसे तेव्हा आले. पट्टीवर आयएस १६०१ असं काही दिसलं तर ते भारतीय मानकाचा नंबर आहे, म्हणजे इंजन साठच्या अलीकडचं. पुण्याचं पूना असं स्पेलिंग असेल तर जुनं, पण यावर फार विसंबू नकोस, एकदा ठसा केला की कारखाना तो वर्षानुवर्षं वापरतो. नटबोल्टही बोलतात. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण कारखान्यातली हत्यारं कायदा झाल्या दिवशी बदलत नाहीत, त्यामुळं नंतरची कित्येक वर्षं इंची आटेच चालले. तुझ्या मिलीमीटरच्या पान्यानं नट घसरायला लागला तर त्याच्यावर चिडू नकोस, व्हिटवर्थचा, म्हणजे इंची मापाचा, पाना आण, आणि वहीत लिही की आटे इंची आहेत.

आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडचीच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता हे तुला माहिती आहे, पण त्याचा कागदावर काय परिणाम होतो ते जुनं बिल हातात आल्याशिवाय कळत नाही. त्या काळातली बिलं उर्दूत निघतात, रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, असते, सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा इंग्रजी रुपये, आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं. १३५५ फसली वाचून घाबरायचं नाही, हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवायचे, आलं १९४५. महिना आजूर, दै, बहमन असा काही असतो आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९० नाही, ५९१ मिळवायचे. माझ्याकडं असं एकच बिल आहे, तेही एका जिनिंगच्या जुन्या चोपडीत चिकटलेलं, आणि ते वाचून घेण्यासाठी मी उर्दू शाळेतल्या एका रिटायर गुरुजींकडं तीन वेळा गेलो, तिसऱ्या वेळी ते म्हणाले आता चहा तुम्ही पाजा.

तुझं इंजन लिस्टर आहे का, हा तुझा मुख्य प्रश्न. मुळात लिस्टर हे इंग्लंडातल्या डर्स्ली गावचं. १९३० च्या आसपास त्यांनी ते हळू चालणारं, दोन मोठ्या चाकांचं उभं डिझेल इंजन काढलं. त्यातलं सहा-एक म्हणजे सहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, मिनिटाला ६५० फेरे, साडेचार इंच बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि साडेपाच इंच स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव. अस्सल जुन्याच्या हेडला एका बाजूला छोटं हातचाक असतं, चालू करताना कॉम्प्रेशन वाढवायला. तुझ्या फोटोत ते नाही आणि पट्टीवर राजकोट वाचता येतंय, म्हणजे हे लिस्टर टाइप. यावर तू लिहिलंस, डुप्लिकेट निघालं काका. पोरा, हा शब्द परत वापरू नकोस माझ्यासमोर. कुणीतरी एक इंजन पूर्ण खोललं, प्रत्येक भाग मोजला, त्याचे लाकडी पॅटर्न कोरले, बीड आटत जातं म्हणून पॅटर्न मापापेक्षा अंमळ मोठे ठेवले, ओतले, फेकले, परत ओतले आणि शेवटी असं इंजन बाहेर काढलं जे गावातला मिस्त्री दोन पान्यांवर खोलू शकत होता. राजकोटात ते केलं, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लोकांनीही आपली ऑइल इंजनं अशीच काढली. मला विचारशील तर संग्रह ह्यांचाच करायला पाहिजे, डर्स्लीचं जपायला इंग्लंडात लोक आहेत. आपल्या या चार भट्ट्यांच्या, दहा कामगारांच्या कारखान्यांचं नाव फक्त त्या पट्टीवर उरलंय आणि तू पॉलिश पेपर घेऊन बसलायस.

(बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपला जिल्हा नव्हे. पुण्याचा एक जण मला बराच वेळ विचारत होता की ही सगळी बिडाची इंजनं बीडलाच बनली का.)

मोठ्या नावांचं तुलनेनं सोपं असतं. किर्लोस्करवाडी १९१० ची, नांगरापासूनची, पण ऑइल इंजनची कंपनी वेगळी, ती १९४६ ला पुण्यात खडकीला निघाली, लोक दोन्ही एकच धरतात. साताऱ्याचं कूपर, त्यांचीही सुरुवात नांगरापासूनच, आणि डिझेल इंजन तीसच्या दशकात, म्हणजे आपल्या देशात फार लवकर. ते काढणारे धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा प्रांताच्या मुख्यालाही पंतप्रधानच म्हणायचे. कूपरची पट्टी कुठं दिसली तर खिशात पैसे नसले तरी आधी मला फोन कर.

पट्टी संपली की माणूस. इंजन कुणाच्या विहिरीवर होतं, कोण चालवायचं, गिरणी होती का रसवंती का शेंगा फोडायचं मशीन, हे सगळं तुझ्या आजच्या पिढीनं लिहिलं नाही तर गेलंच. आणि विचारताना "कोणत्या साली घेतलं" असं विचारायचं नाही, कुणालाच आठवत नसतं आणि माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. "बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर", "थोरली पोरगी झाली होती का तेव्हा", असं विचार, साल आपोआप दोन वर्षांच्या अंतरात येतं.

पाटोद्याकडं एका आजीकडं गेलो होतो. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. आधी काहीच बोलेनात, भंगारवाला समजल्या. मग मी इंजनाजवळ जाऊन नुसती टाकीवरची धूळ पुसली तर म्हणाल्या, "तिथं नको, तिथं पोळतंय." इंजन बंद पडून पंधरा वर्षं झालेली! मग सुरू झाल्या. बहात्तरला विहीर खोल केली, नंतर बँकेचं कर्ज काढून इंजन आणलं, बैलगाडीतून, आणि पहिल्या दिवशी पाणी पाटात आलं तेव्हा सासऱ्यांनी पाटातच आंघोळ केली. रात्री झोपेत इंजनाचा आवाज बदलला तरी यांना जाग यायची, पाणी तुटलं हे घरात पडल्या पडल्या कळायचं, मग कंदील घेऊन नवऱ्याला उठवायचं. नंतर पत्र्याच्या पेटीतून, सातबाऱ्याच्या खालून, बिल काढलं. चार घड्यांचं, घड्या फाटलेल्या. द्यायला तयार नव्हत्या आणि मी मागितलंही नाही, ओसरीवर उन्हात पसरून फोटो काढला आणि परत पेटीत ठेवलं. इंजनही तिथंच आहे अजून. माझ्या रजिस्टरमध्ये त्याची साडेचार पानं आहेत आणि शेडमधल्या कित्येक इंजनांचं अर्धं पान नाही. संग्रह म्हणजे सगळं आपल्याच दारात आणून मांडायचं असं काही नसतं रे.

आणायचं असेल तर मात्र वेळ कमी आहे हेही खरं. भंगाराची गाडी एकदा गावातून निघाली की जालन्याच्या भट्टीचा रस्ता धरते, तिथं सगळ्याची सळई होते. म्हणून तुझ्या भागातल्या भंगारवाल्या मामांशी ओळख ठेव, किलोमागं दोन रुपये जास्त दे, पण सांगून ठेव की पट्टी उचकटायची नाही. पितळ वेगळं विकायला ते पट्टीच आधी काढतात. आणि घेताना साध्या कागदावर का होईना, कुणाकडून घेतलं ते लिहून सही घे. शेतातल्या मोटारी, इंजनं चोरीला जातात, उद्या कुणी दारात उभं राहिलं तर कागद पाहिजे.

चालू करायची घाई करू नकोस. पिस्टन जाम आहे म्हणालास, तर नोजल काढून भोकातून डिझेल ओत आणि पंधरा दिवस विसरून जा, मग चाक दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलवत बस. चाकावर घण घालशील तर बीड तडकेल आणि बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही. चालू करायच्या आधी गव्हर्नरचा, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाचा, दांडा हातानं मोकळा हलतो का ते बघ, डिझेल कमी-जास्त करणारा पंपाचा रॅक अडकलेला असला तर इंजन रेसला जातं, वेग आवरत नाही आणि डिझेल बंद करेपर्यंत चाक फुटायची वेळ येते. हवेच्या तोंडावर दाबून हवा बंद करायला एक लाकडी फळी हाताशी ठेव, हसू नकोस, ठेव. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला, गुंडाळायचा नाही. माझा उजवा अंगठा आलास की दाखवतो.

वही कर. एक्सेलमध्ये कर वाटलं तर, पण एक कागदी वहीही. आत्ता तुझ्या इंजनावर जो मूळ कलर शिल्लक आहे, पाण्याच्या टाकीच्या खाली किंवा पट्टीच्या मागं असेल बघ, त्याचा जवळून फोटो काढ, कारण त्या कारखान्याचा खरा हिरवा कोणता होता हे तुझ्या डब्यावर लिहिलेलं नाही.

या रविवारी मोकळा असशील तर अंबाजोगाईला ये. इथल्या एका भंगारवाल्याकडं दोन चाकांचं काहीतरी आलंय, पट्टीवर डांबर आहे, मी अजून हात लावला नाही. येताना खडू, टॉर्च आणि एखादं जुनं बनियन घेऊन ये, आमच्या घरातली सगळी पुसण्यात संपलीत.

तुझा काका