प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : नकाशाला जुन्या गेमचं रूप

प्रश्न : गूगल मॅप्सवर काही वर्षांपूर्वी अख्खं जग जुन्या टीव्ही गेमसारखं दिसायचं. ते आता कुठे सापडेल? सापडत नसेल, तर घरच्या घरी करता येईल का?

ते रूप २०१२च्या एप्रिल फूलसाठी होतं. निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस यंत्राच्या धर्तीवर डोंगर, झाडं आणि समुद्राची चित्रं रचलेली होती आणि ‘क्वेस्ट’ नावाच्या बटणावरून ते उघडायचं. पुढे २०१५ला रस्त्यांवर पॅक-मॅन आला, २०१८ला दिशादर्शक बाणाच्या जागी मारिओची गाडी आली, २०१९ला स्नेक आला. हे सगळे थोड्या काळाचे पाहुणे होते. गूगल मॅप्सच्या रंगसंगतीच्या सोयीतून रंग, रेषेची जाडी, काय दाखवायचं आणि काय लपवायचं एवढंच बदलता येतं, जमिनीवर झाडाचं चित्र टाकता येत नाही. त्याच्या टाइल, म्हणजे नकाशा ज्यांनी बनतो ते चौकोनी तुकडे, उतरवून घेऊन रंगवायला वापराच्या अटी आड येतात.

घरच्या घरी मात्र नक्की करता येतं. माहिती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाची घ्या. ती खुली आहे आणि त्यात नुसती चित्रं नसतात, प्रत्येक रस्ता, तळं, जंगल नावागावासकट मिळतं. वेबपानावर नकाशा दाखवायला लीफलेट हा जावास्क्रिप्टचा तयार संच पुरतो. त्यातल्या ‘ग्रिडलेयर’मध्ये प्रत्येक टाइल स्वतः कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्रफलकावर, रंगवायची मोकळीक आहे.

प्रश्न : मी तयार नकाशाची टाइल २५६ पिक्सेलवरून ६४वर आणली आणि पुन्हा चौपट मोठी केली. चौकोन दिसतात, पण गेम वाटत नाही, नुसता चिखल वाटतो. कुठे चुकतंय?

चूक छोटं करण्यातच आहे. तयार टाइलमध्ये रस्त्याची कड गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे पिक्सेल शेजारच्या रंगात मिसळलेले असतात. तुम्ही टाइल छोटी केली की चार गुणिले चार, म्हणजे १६ पिक्सेलची पुन्हा सरासरी निघते. पिवळा रस्ता आणि हिरवं जंगल मिळून मातकट असा तिसराच रंग तयार होतो, जो रस्ताही नाही आणि जंगलही नाही. त्यात गावांची नावं चित्रात भाजलेली असतात, त्यांचे काळे डाग पडतात.

जुन्या गेममध्ये अशी सरासरी कधीच नव्हती. पडदा म्हणजे सारीपाटासारखी घरं होती आणि एका घरात एकच वस्तू असायची : पाणी, गवत, झाड किंवा रस्ता. म्हणून चित्रावर गाळणी लावायची नाही, प्रत्येक घरात काय आहे याचा निवाडा करायचा. एवढं पटलं की पुढचं सगळं काम या निवाड्याभोवती फिरतं.

२५६ पिक्सेलच्या टाइलमध्ये १६ पिक्सेलचं घर धरलं, तर १६ गुणिले १६, म्हणजे २५६ घरं होतात. प्रत्येक घरात चार ओळींत चार, असे १६ बिंदू घ्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवरून प्रत्येक बिंदू जंगलात पडतो, शेतात की वस्तीत, ते तपासा आणि बहुमताने घराची जमीन ठरवा. फक्त मधला एक बिंदू पाहिला तर छोटी तळी निसटतात. नदी आणि रेल्वे यांना बहुमत लावू नका. त्या रेषा आहेत, त्यांना क्षेत्रफळ नसल्यासारखंच असतं, त्या दर वेळी हरतील. त्या जमिनीच्या वर वेगळ्या थरात काढा.

समुद्राचं एक पथ्य आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किनारा ही नुसती रेषा असते आणि रेषेच्या दिशेने चालताना जमीन डावीकडे व पाणी उजवीकडे असा नियम आहे. टाइलच्या कडेला ही रेषा तुटली की भरणी उलटी होते आणि अख्खं शहर बुडतं. त्यामुळे रेषेवरून समुद्र भरण्याच्या फंदात पडू नका. याच माहितीतून जोडून तयार केलेले पाण्याचे बहुभुज, म्हणजे बंद आकार, वेगळे उतरवून घेता येतात, ते वापरा.

प्रश्न : रस्ते नीट येत नाहीत. तिरका रस्ता तुटक ठिपक्यांसारखा दिसतो आणि दुपदरी महामार्गाची शिडी होते. शेजारच्या घरात रस्ता आहे का हे पाहून मी त्या घरात टाकायचा रस्त्याच्या चित्राचा तुकडा निवडतो.

दोन्ही तक्रारींचं मूळ ‘शेजारच्या घरात रस्ता आहे का’ या प्रश्नातच आहे. तिरकी रेषा काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ती एका घरातून कोपऱ्याला कोपरा लावून पुढच्या घरात जाते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहिलं तर शेजारी कुणीच नसतं, म्हणून तुमचा प्रोग्राम प्रत्येक घरात सुटा ठिपका टाकतो. महामार्गाचं उलट होतं. त्याच्या येण्या-जाण्याच्या दोन रेषा लगतच्या घरांत पडतात, दोघी एकमेकींना शेजारी समजतात आणि घराघरात आडवी पायरी तयार होते.

उपाय असा की घराकडे पाहू नका, दोन घरांमधल्या भिंतीकडे पाहा. रस्त्याची रेषा एका टोकापासून चालवत न्या आणि ती पुढे आडवी भिंत आधी ओलांडते की उभी, एवढंच दर पावलाला तपासा. भिंत ओलांडली की दोन्ही बाजूंच्या घरांत खूण करा. वरची भिंत १, उजवी २, खालची ४, डावी ८. शेवटी घरातली बेरीज हाच तुकड्याचा क्रमांक. बेरीज १० आली म्हणजे डावी-उजवी, सरळ आडवा रस्ता. ५ म्हणजे उभा. ३ म्हणजे वरून उजवीकडे वळण. १५ म्हणजे चौक. ०पासून १५पर्यंत मोजून १६ चित्रं काढली की जगातला कुठलाही रस्ता त्यांत बसतो. रेषा नेमकी कोपऱ्यातून गेली तर आधी आडवं पाऊल आणि मग उभं, हा नियम कायमचा ठेवा.

आता महामार्गाच्या दोन रेषा एकमेकींना चिकटणार नाहीत, पण समांतर दोन रस्ते दिसतील. दोन्ही लगतच्या घरांत बेरीज ५ असेल आणि माहितीत रस्त्याचा क्रमांक एकच असेल, तर पूर्वेकडचं घर पुसा. आडव्या रस्त्यात दोन्हीकडे १० असेल, तर दक्षिणेकडचं. पुसलेल्या घराला येऊन मिळणारा एखादा उपरस्ता असेल, तर त्याच्या खुणा शिल्लक राहिलेल्या रस्त्यापर्यंत वाढवा, नाहीतर तो अधांतरी थांबतो.

हे सगळं करूनही शहर जाळीसारखं भरून गेलं, तर रस्ते जास्त घेतले आहेत. झूमचा आकडा जितका मोठा, तितका नकाशा जवळून दिसतो. विषुववृत्तावर झूम १४ला १६ पिक्सेलचं घर सुमारे १५३ मीटरचं असतं आणि झूम १५ला ७६ मीटरचं. विषुववृत्तापासून दूर जाल तसं ते आणखी लहान होतं. एवढ्या अंतरात वस्तीत दोन-तीन गल्ल्या सहज मावतात, म्हणजे प्रत्येक घर रस्त्याचंच होणार. झूम १२ला ओपनस्ट्रीटमॅपमधल्या रस्त्यांच्या वर्गांपैकी ‘मोटरवे’, ‘ट्रंक’ आणि ‘प्रायमरी’ हे मोठे रस्तेच ठेवा. ‘सेकंडरी’ १४ला आणा, ‘टर्शरी’ १५ला. गल्लीबोळ झूम १७च्या आधी नकोतच. तिथे घर १९ मीटरवर येतं.

प्रश्न : किनाऱ्यासाठीही हेच १६ तुकडे चालतील का? कुठे ४७ तुकडे लागतात असं वाचलं.

आठही शेजारी पाहिले तर वेगवेगळ्या स्थिती ४७ होतात हे खरं. पण तेवढी चित्रं काढायची गरज नाही. किनाऱ्यासाठी भिंती सोडा आणि कोपरे धरा. घराचा प्रत्येक कोपरा जमिनीत आहे की पाण्यात ते तपासा, चार कोपऱ्यांना १, २, ४, ८ द्या आणि बेरजेवरून चित्र निवडा. एक कोपरा चार घरांचा सामाईक असल्यामुळे शेजारच्या घराशी किनारा आपोआप जुळतो. समोरासमोरचे दोनच कोपरे जमिनीत आले, तर त्यांना नेहमी जमिनीने जोडा. कधी जोडून, कधी तोडून चालत नाही, बेटं उगवतात आणि नाहीशी होतात.

प्रश्न : टाइलच्या सांध्यावर रस्ते तुटतात. आणि नकाशा सरकवून परत आलं की झाडांची जागा बदललेली असते!

सांध्यासाठी प्रत्येक टाइलची माहिती घेताना चारही बाजूंनी एकेक घर जास्त घ्या. म्हणजे १६ऐवजी १८ घरांची आकडेमोड करा आणि मधली १६च रंगवा. कडेच्या भिंतीवरची खूण मग दोन्ही टाइलींना सारखीच सापडते.

झाडं हलतात, कारण चित्र यादृच्छिक संख्येवर निवडलं जातंय. टाइल पुन्हा रंगवली की नवी संख्या येते. त्याऐवजी घराचा पत्ताच वापरा, पण टाइलमधला नाही, जगातला : टाइलचा आडवा क्रमांक गुणिले १६, अधिक टाइलमधला घराचा क्रमांक, आणि तसंच उभं. आडव्या पत्त्याला ७३८५६०९३ने आणि उभ्याला १९३४९६६३ने गुणा, दोन्हींचा ‘एक्सऑर’ घ्या, म्हणजे जिथे बिट वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ०. जावास्क्रिप्टमध्ये हा गुणाकार ‘मॅथ.इमुल’ने करा, म्हणजे उत्तर ३२ बिटांत राहतं. इथे बहुतेकांचा पाय घसरतो : या उत्तराला थेट ४ने भागून बाकी घेतली, तर झाडांची चार-चार घरांची नक्षी पुन्हा पुन्हा उमटते, कारण विषम संख्येने गुणल्यावर शेवटचे दोन बिट पत्त्याच्या शेवटच्या दोन बिटांवरच ठरतात. आधी उत्तर १६ बिटांनी उजवीकडे सरकवा, मग बाकी घ्या. जंगल लगेच जंगलासारखं दिसतं.

प्रश्न : रंग किती ठेवावेत? आकाशातून घेतलेल्या छायाचित्रालाही हा बाज देता येईल का?

खऱ्या एनईएसवर पार्श्वभूमीला एका वेळी १३ रंग मिळायचे : तीन-तीन रंगांचे चार संच आणि सगळ्यांत सामाईक एक. शिवाय १६ गुणिले १६ पिक्सेलच्या एका तुकड्यात एकच संच चालायचा. ही अट स्वतःवर घालून घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगू. पाण्याचा एक संच, झाडांचा एक, डोंगर-वाळूचा एक आणि रस्ते-इमारतींचा एक. नकाशाला तो जुना बाज निम्म्याहून अधिक या अटीमुळेच येतो.

छायाचित्र करायचं तर रंग कमी करताना मूळ आणि निवडलेल्या रंगातली चूक पुढच्या पिक्सेलवर ढकलणारी पद्धत वापरू नका. ती चूक टाइलच्या कडेला संपते आणि प्रत्येक सांधा दिसतो. कुठल्या पिक्सेलला गडद आणि कुठल्याला फिका रंग द्यायचा हे ठरवणाऱ्या ४ गुणिले ४च्या ठरलेल्या बेयर जाळीने ठिपके पाडा. २५६ला ४ने नि:शेष भाग जातो, म्हणून जाळी टाइलमागून टाइल बिनचूक जुळते. साठवताना पीएनजीच, जेपेग ठिपक्यांभोवती मळ धरतं.

प्रश्न : मोबाइलवर सगळं पुसट दिसतं.

टाइल रंगवलेल्या कॅनव्हासला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘इमेज-रेंडरिंग’ची किंमत ‘पिक्सेलेटेड’ द्या. झूम पूर्णांकातच ठेवा. लीफलेटमध्ये तो मुळात तसाच असतो, मॅपलिबरे या नकाशा दाखवायच्या दुसऱ्या संचात अपूर्णांकात सरकतो. तिथे रास्टर, म्हणजे पिक्सेलच्या चित्रांच्या, थराला ‘नियरेस्ट’ सांगा आणि टाइल उमटण्याचा वेळ शून्य करा.

प्रश्न : गावांची नावं देवनागरीत, त्याच ठोकळेबाज वळणाची हवी आहेत.

इंग्रजी अक्षर ८ पिक्सेलच्या घरात बसतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, मध्ये शिरोरेषा आणि खाली उकार लागतात, म्हणून १६ पिक्सेलच्या खाली जाऊ नका. अक्षरांची सुटी चित्रं करून ओळीत मांडलीत, तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते. मांडणी ब्राउझरवर सोपवा. कॅनव्हासवर १६ पिक्सेलच्या ठळक टंकात नाव लिहा, मग प्रत्येक पिक्सेलची ०पासून २५५पर्यंत मोजली जाणारी अपारदर्शकता पाहा : १२८ किंवा जास्त असेल तर पूर्ण रंग, कमी असेल तर काहीच नाही. दुप्पट मोठं करायचं ते त्यानंतर.

शिरोरेषा दोन पिक्सेलच्या मध्ये पडली, तर दोन्हीकडे रंग अर्धा-अर्धा वाटला जातो. मग ती एक तर गायब होते, नाहीतर दुप्पट जाड होते. मजकूर अर्धा पिक्सेल वर किंवा खाली सरकवून पाहा, तेवढ्याने रेषा एका ओळीत बसते. ‘र्थ’, ‘द्ध’ आणि ‘ष्ट्र’ ही तीन अक्षरं वाचता आली, तर टंक चांगला निवडला असं समजा.

प्रश्न : सगळ्या जगाच्या टाइल आधीच करून ठेवल्या तर?

झूम ०पासून ६पर्यंत ५,४६१ टाइल होतात, त्या खुशाल करून ठेवा. ८पर्यंत त्या ८७,३८१ होतात आणि १४पर्यंत ३५ कोटींच्या पुढे जातात. त्यामुळे ७पासून पुढच्या, पाहणारा जिथे जाईल तिथल्याच, ब्राउझरमध्ये रंगवा. कच्ची माहिती आपल्या भागापुरती उतरवून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल-सर्व्हरवरून टाइली घाऊक उतरवायला मनाई आहे, तो देणग्यांवर चालतो. नकाशाच्या कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ ही ओळ दुव्यासह ठेवणं बंधनकारक आहे. झाडांची आणि पात्रांची चित्रं मात्र स्वतः काढा, जुन्या गेममधून उचललेल्या चित्रांवर त्यांच्या कंपन्यांचा हक्क अजून कायम आहे.